आधी पिस्टन, मग रंग

अलॉय व्हीलच्या फटीतून लालभडक ब्रेक कॅलिपर डोकावला की साधी गाडीही उभ्या जागी पळाल्यासारखी दिसते. ही मुळात रेसिंगच्या गाड्यांची ऐट. इटलीतल्या ब्रेंबो कंपनीच्या लाल कॅलिपरांनी ती जगभर नेली आणि आता ती आळेफाट्याच्या चौकात थांबलेल्या एमएच 14 पाटीच्या हॅचबॅकपर्यंत पोचली आहे. रंगाचा डबा घरपोच मिळतो, ब्रश माळ्यावर पडलेला असतो, रविवार मोकळा असतो. चाक काढायचे, कॅलिपर पुसायचा, दोन हात मारायचे, झाले! या रंगाने ब्रेक तसूभरही सुधारत नाही, हे मात्र डब्यावर लिहिलेले नसते. उलट रंग चुकीच्या जागी गेला तर चालणारा कॅलिपर अडकतो. जुन्या कॅलिपरला खरी गरज असते ती उघडून साफ करण्याची, रबर बदलण्याची आणि सरकणाऱ्या जागा पुन्हा मोकळ्या करण्याची. रंग त्यानंतर.

कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही अंगांनी पकडणारा जबडा. बोलेरो पिकअप असो की रोजच्या वापरातली छोटी कार, बहुतेकांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. म्हणजे घरी काम काढणाऱ्याच्या वाट्याला दोनच कॅलिपर येतात. या गाड्यांचे कॅलिपर बहुधा ‘तरंगते’ असतात. पिस्टन एकाच बाजूला, आतल्या अंगाला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो आणि त्याच रेट्याने कॅलिपरचे आख्खे धूड दोन गाइड पिनांवरून मागे सरकून बाहेरचा पॅडही डिस्कवर ओढते. एका पिस्टनमध्ये दोन पॅडचे काम होते ते या सरकण्यामुळे.

ताकद येते ती पास्कलच्या नियमातून. ब्रेक पेडलमागच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन 22 मिलिमीटरचा आणि कॅलिपरचा 54 मिलिमीटरचा धरला, तर दोघांच्या क्षेत्रफळात सहापट फरक पडतो. मास्टर सिलिंडरवर 80 किलोचा भार आला की कॅलिपरचा पिस्टन पॅडला सुमारे 480 किलोच्या भाराने दाबतो. शाळेत बरणी आणि दट्ट्याची आकृती काढून मार्क मिळवलेला हा नियम चाकाच्या आत असा राबत असतो.

पण कॅलिपरमधली सगळ्यात नामी वस्तू पिस्टन नव्हे, त्याच्याभोवतीचे रबरी सील आहे. त्याचा छेद गोल नसून चौकोनी असतो आणि ते सिलिंडरच्या भिंतीतल्या खाचेत बसते. त्याचे पहिले काम ब्रेक ऑइल अडवण्याचे. दुसरे काम फारसे कोणी सांगत नाही. ब्रेक दाबल्यावर पिस्टन पुढे जातो तेव्हा हे रबर त्याला चिकटून किंचित पिळले जाते. पाय उचलला की रबर मूळ आकारात येते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. डिस्क ब्रेकला ड्रमसारखी मागे खेचणारी स्प्रिंग नसते. पॅड सोडवण्याचे काम या रबराच्या पिळावर चालते. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि नवी जागा धरतो. म्हणून डिस्क ब्रेक टाइट करावा लागत नाही. हे सील कडक झाले, फुगले किंवा त्याच्या खाचेत गंज साचला, की पिस्टन जातो तो जातोच. मग ‘चाक धरतंय’ ही तक्रार सुरू होते.

लक्षणे ओळखायला मेकॅनिक लागत नाही. गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते, अ‍ॅव्हरेज कमी येते, आणि थोडे अंतर चालवून उतरल्यावर एका चाकाजवळ हात नेला तर दुसऱ्यापेक्षा जास्त धग लागते. (हात जवळ न्यायचा, लावायचा नाही, डिस्क कातडे सोलून काढते.) जॅकवर उचललेले चाक हाताने फिरवले की अर्ध्या फेऱ्यातच थांबते. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा दिसला तर पिना जाम आहेत, हे बहुतेक वेळा खरे निघते.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्ये तिचे पेटंट घेतले होते. पण तांब्याचे पॅड इतके किंचाळायचे की तो ब्रेक चालला नाही. 1953 मध्ये डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ल माँची 24 तासांची शर्यत जिंकली आणि मग मोटारवाल्यांचे डोळे उघडले. आपल्याकडे अ‍ॅम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या जमान्यात ड्रमचेच राज्य होते. ड्रम बंदिस्त असतो, तापला की लवकर थंड होत नाही. डिस्क उघडी, वाऱ्याला लागून असते. उघडी असल्याचा फायदा उष्णतेला होतो आणि तोटा पावसाळ्यात कळतो.

थंड देशांत रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते कॅलिपर खाते. जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत मीठ नाही, पण त्याची कसर भरून काढणारे बरेच काही आहे. पश्चिमेला माळशेज आणि भीमाशंकरच्या पट्ट्यात चार महिने कोसळणारा पाऊस, भातखाचरांचा चिखल, पूर्वेला पठारावरची धूळ. पिकअपमध्ये आज टोमॅटो, उद्या कांदा, परवा खताच्या गोणी. पोटॅश म्हणून जे खत जाते ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचेच भावंड. फुटक्या गोणीतून सांडलेली भुकटी ओल धरते आणि खालच्या लोखंडाला लागते.

द्राक्षबागायतदाराच्या घरी आणखी एक गोष्ट असते, मोरचूद. बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात कालवत नाहीत, हे बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मिश्रण नीट झाले की नाही हे पाहायला त्यात लोखंडी विळा किंवा सुरी बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, अजून चुना हवा. त्या विळ्यावर घडते ते असे: लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे बसते. हीच क्रिया फवारणीची गळकी टाकी वाहणाऱ्या गाडीच्या खाली, कोणी न पाहता चालू असते. आणि त्याच बागेतला एचटीपी पंप संध्याकाळी गाडी धुवायला निघतो. त्याची धार चिखल झटक्यात उडवते खरी, पण चाकात आडवी मारली की पिस्टनच्या तोंडाशी धूळ अडवणाऱ्या रबरी बुटाच्या कडेखाली पाणी घुसवते. आत गेलेले पाणी बाहेर येत नाही, तिथेच गंज धरते. जवळून धार मारायची तर बॉडीवर मारावी, चाकात लांबूनच.

मुंबईकरांच्या गाड्यांची कथा वेगळी. गावी पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवायची, गणपतीला नाहीतर यात्रेला काढायची. पळणाऱ्या गाडीचे पॅड डिस्कवरचा गंज पुसून टाकतात, पिस्टन रोज थोडा हलतो. उभ्या गाडीत हे होत नाही. पावसाळाभर हललेली नाही अशी गाडी काढताना पहिल्या गिअरमध्ये ‘कट्’ आवाज येतो, तो डिस्कला चिकटलेला पॅड सुटल्याचा.

यात घाट आला की प्रकरण गंभीर होते. भरलेली गाडी अडीच टनांची धरली आणि ती 500 मीटर खाली उतरली, तर तिच्यातली सव्वाबारा मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ही सुमारे साडेतीन युनिट वीज झाली, चाळीसेक लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी. लहान गिअरमध्ये उतरले तर यातला मोठा वाटा इंजिन घेते. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा बहाद्दर जवळजवळ सगळा ब्रेकवर टाकतो. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, हा त्याचा गुणधर्मच आहे. नवे डॉट 3 ऑइल 205 अंशांच्या पुढे उकळते, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की हाच आकडा 140 पर्यंत घसरू शकतो. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जाते. माळशेजच्या धुक्यात, खाली मुरबाडकडे उतरताना हे होणे म्हणजे काय, ते सांगायला नको. एक चाक आधीच धरलेले असेल तर तिथले ऑइल सगळ्यात आधी तापते. म्हणून जाम कॅलिपर हा नुसता अ‍ॅव्हरेजचा प्रश्न नाही.

आता काम. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, आणि जॅकच्या जोडीला लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी हात घालू नये. विटांच्या थप्पीवर तर नाहीच, वीट फुटते तेव्हा आधी सांगत नाही. काम सकाळीच सुरू करावे. एक तर लाइट कोणत्या वेळी असेल ते शेतीच्या वेळापत्रकावर, आणि दुसरे, अंधार पडल्यावर अंगणात बसून काम करण्याची सोय जुन्नर-आंबेगावात बिबट्यांनी ठेवलेली नाही. कॅलिपर एकावेळी एकच उघडावा. दुसरा जोडलेला राहिला तर कोणती क्लिप कुठे होती हे पाहायला नमुना मिळतो. पॅडवरची काळी धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

पिस्टन बाहेर काढण्याची जागा सगळ्यात धोक्याची. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारतात आणि पिस्टन गोळीसारखा सुटतो. बोट मध्ये असेल तर मोडते. घरी करणाऱ्याला त्याहून सोपा मार्ग आहे. ब्रेक ऑइलचा होज न सोडता कॅलिपर ब्रॅकेटवरून उतरवावा, तोंडाशी लाकडाचा ठोकळा ठेवावा आणि कोणाला तरी ब्रेक पेडल हळूहळू दाबायला सांगावे. रुतलेला पिस्टन बहुतेक वेळा ऑइलच्या दाबाने शांतपणे पुढे येतो. तो सैल झाला की मग होज सोडायचा, खाली भांडे धरायचे. पकडीने पिस्टन ओढणे म्हणजे त्याच्या क्रोमवर चरे पाडणे. त्या चऱ्यातून पुढे ऑइल झिरपते.

बाहेर आलेला पिस्टन उजेडात फिरवून पाहावा. डाग असतील तर पुसून जातात. नखाला लागणारा खड्डा असेल तर पिस्टन बदलायचा, पॉलिश पेपरने घासून ‘चालून जाईल’ म्हणायचे नाही. सिलिंडरच्या आतल्या खाचेकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जात नाही. जुने सील लाकडी काडीने उचकटले की खाली राखाडी-तपकिरी कडक खपली दिसते. तीच नव्या सीलला बाहेर ढकलते आणि पिस्टन आवळते. ती बारीक टोकाच्या लाकडाने आणि मऊ ब्रशने, धीराने काढायची. टोकदार खिळ्याने खाच ओरबाडली की कॅलिपर भंगारात गेला असे समजावे. तशीच खपली ब्रॅकेटवर, पॅडच्या स्टीलच्या क्लिपखाली धरते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो क्लिप वर उचलतो आणि पॅड जागेवर आवळून बसतो. पिस्टन ठणठणीत असूनही चाक धरण्याचे हे कारण आहे आणि त्यावरचा इलाज कानस व तारेचा ब्रश.

बाकी ओतीव लोखंडावरचा गंज काढायला घरातलेच उपाय पुरतात. किराणा दुकानात मिळणारी लिंबाची फुले, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, कोमट पाण्यात विरघळवून सगळे रबर काढलेला लोखंडी कॅलिपर त्यात काही तास ठेवला की गंज सुटतो. नंतर सोड्याच्या पाण्यात बुचकळून लगेच वाळवायचा, नाहीतर तासाभरात पिवळी झाक परत येते. बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून विजेनेही गंज काढता येतो, पण मोकळ्या हवेत, कारण हायड्रोजन वायू निघतो. आणि दुसऱ्या टोकाला साधे लोखंड लावायचे, स्टेनलेस स्टील नाही. स्टेनलेसमधून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. कॅलिपर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ही दोन्ही प्रकरणे सोडून द्यावीत. साबण, ब्रश आणि सबुरी.

आणि आता आपल्या गॅरेजांची जुनी खोड. सुटा भाग दिसला की तो डिझेलमध्ये बुडवायचा. गिअर, बेअरिंग, चेन यांना ते चालते. ब्रेकच्या रबराला चालत नाही. हे रबर बहुधा ईपीडीएम जातीचे असते. ब्रेक ऑइलमध्ये ते वर्षानुवर्षे टिकते, पण डिझेल, रॉकेल, पेट्रोल किंवा साधे ग्रीस लागले की फुगते. सील फुगले की पिस्टन आवळला. सीलचे नवे किट टाकून आठवडाभरात चाक पुन्हा धरू लागले तर दोष किटचा नसतो, हात पुसलेल्या फडक्याचा असतो. रबर धुवायला ताजे ब्रेक ऑइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. सील बसवताना त्यालाही ताजे ब्रेक ऑइलच चोळायचे. गाइड पिनांना सिलिकॉन ग्रीस किंवा ब्रेकसाठीचे लाल रबर ग्रीस, तेही पातळ थरात. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीत चुकून इंजिन ऑइल गेले तर मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचे प्रत्येक रबर बदलावे लागते. बाटलीच्या झाकणातले रबर फुगून वेडेवाकडे झाले असेल तर समजायचे की हे आधीच कोणीतरी करून ठेवले आहे.

रंग आता. पावसाळ्यात देऊ नये. हवेतली ओल रंगात अडकते आणि थर पांढुरका पडतो. दिवाळीनंतरचे किंवा उन्हाळ्याचे दिवस चांगले, पण थंडीत सकाळचे दव उडून लोखंड कोमट झाल्यावर. साधा इनॅमल घाटात पिवळा पडतो आणि ब्रेक ऑइल सांडले की सालासारखा सुटतो. त्यामुळे उष्णता सोसणारा कॅलिपरचा किंवा इंजिनाचा रंग घ्यावा. दोन डब्यांचा, हार्डनर मिसळून लावायचा असेल तर आणखी बरा. अ‍ॅल्युमिनियमला आधी एचिंग प्रायमर हवा. हात मारण्याआधी जिथे रंग नको तिथे टेप: सिलिंडर, सीलची खाच, पिनांची भोके, पॅड सरकतो त्या कडा, होजचा बोल्ट बसतो ती सपाट जागा आणि एअर काढायच्या निपलचे तोंड. पॅडच्या कडेवर रंगाचा थर चढला की पॅड अडकलाच. ब्रेक क्लीनरने पुसल्यावर जागेला बोट लावू नये, दोन पातळ थर द्यावेत आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्यावा. ज्याला हे सगळे नको त्याने भोसरी-चाकण पट्ट्यातल्या पावडर कोटिंगवाल्याकडे जावे; पण भट्टीत 180-200 अंश असतात, तेव्हा एकही रबर आत राहता कामा नये. रंग कोणता, हा ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग. काळ्या रंगावर मळ दिसत नाही, पण गळती लवकर कळते ती फिक्या रंगावर.

जुना कॅलिपर विकत घेणाऱ्यांसाठी थोडे. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार आणि मुंबईत कुर्ला ही त्याची ठिकाणे. पिस्टनचा व्यास आपल्याशी जुळतो का ते मोजून घ्यावे. दोन बाजूंना दोन मापे लागली तर गाडी ब्रेकला ओढणारच. आणि निपल पाहावा. काही गाड्यांत डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊनही बसतो, फक्त निपल खाली जातो. हवा नेहमी वर जमते. निपल खाली असला की कितीही वेळा एअर काढली तरी वरची हवा तशीच राहते, पेडल स्पंजासारखे लागते आणि लोक मास्टर सिलिंडर बदलत बसतात.

जोडताना होजच्या बोल्टचे तांब्याचे वायसर नवे घ्यावेत, बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळावेत, होज कुठे पिळलेला नाही हे स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून बघावे. सीलबंद बाटलीतलेच ऑइल भरावे. मागच्या दिवाळीत उघडलेली बाटली पाणी पिऊन बसलेली असते. एअर काढताना बॉनेटखालची बाटली रिकामी होऊ देऊ नये, विशेषतः एबीएसच्या गाडीत. त्या युनिटमध्ये हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावल्याशिवाय ती निघत नाही. 2019 च्या एप्रिलपासून विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी कारमध्ये एबीएस आहेच, म्हणजे हे काम ज्याला पहिल्यांदा करायचे आहे त्याने जुन्या गाडीवर हात बसवलेला बरा, तोही जाणकार मेकॅनिक शेजारी उभा करून. गाडी सुरू करण्याआधी पेडल पाचसहा वेळा दाबून पिस्टन पॅडला टेकवायचा. ही पायरी विसरली तर पहिला ब्रेक लागतच नाही. मग मोकळ्या सपाट मैदानात हळू वेगाने चाचणी, परत येऊन गळती आणि व्हील नट पाहणे, आणि पेडल कडक लागल्याची खात्री झाल्यावरच घाट.

काढलेले जुने ब्रेक ऑइल विषारी असते आणि गाडीच्या रंगावर पडले तर तो उतरवते. ते बांधावर, गटारात किंवा कुकडीच्या कालव्यात ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून, गोठ्यापासून आणि पोरांच्या हातापासून लांब ठेवा आणि जळके ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात नेऊन द्या. मात्र इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका, डबा वेगळाच ठेवा.